नवा एसीपी, नवी शेवंता आणि 'रिप्लेस' झालेला प्रद्युम्न

प्रश्न असा आहे. 'सीआयडी'च्या चाहत्यांत गप्पा चालल्या होत्या. एकाने लिहिलं, "एसीपी प्रद्युम्नला रिप्लेस केलं." दुसऱ्याने लगेच दुरुस्ती केली, "प्रद्युम्नला नाही, शिवाजी साटमांना." तिसऱ्याने मध्यस्थी केली, "'पात्र बदललं' म्हणा, म्हणजे झालं." तर यातलं बरोबर काय, 'रिप्लेसमेंट'ला मराठीत काय म्हणायचं, 'बदली कलाकार' चालेल का? शेवटी एक शेपूट: 'भूमिका निभावली' हे मराठी आहे का?

मध्यस्थाचा हेतू चांगला, पण त्याचाच तोडगा सगळ्यांत घोटाळ्याचा आहे. आधी नेमकं काय घडलं ते पाहू. 'सीआयडी' ही हिंदी पोलिसी मालिका १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली. तीत एसीपी प्रद्युम्नचं काम शिवाजी साटम करायचे. एप्रिल २०२५मध्ये प्रद्युम्नला कथेत मारलं. वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीची पोस्टही टाकली. मग पार्थ समथान हा अभिनेता एसीपी म्हणून आला, पण प्रद्युम्न म्हणून नव्हे. त्याच्या पात्राचं नाव आयुष्मान. पुढे साटम परतले आणि प्रद्युम्नही परतला. मालिकेत मेलेला माणूस परत येण्याचं आपल्याला आता काही वाटेनासं झालंय, ते सोडा.

आता यात बदललं काय? कलाकार बदलला, पात्रही बदललं. बदलला नाही तो हुद्दा. सासू-सुनांच्या मालिकेत दोनच थर असतात: पात्र आणि ते करणारा कलाकार. पोलिसी मालिकेत तिसरा थर येतो तो खुर्चीचा. एसीपीची खुर्ची रिकामी राहून चालत नाही, तपास थांबेल. त्यामुळे लेखकाला कलाकार गेल्यावर त्याच्यासारखा दिसणारा माणूस शोधत बसावं लागत नाही. त्या खुर्चीत दुसरा अधिकारी बसवला की काम झालं. गुन्हेकथांच्या मालिका वर्षानुवर्षं चालू शकतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आपल्या वादाचं मूळही तिथेच आहे, कारण 'रिप्लेस' या एका शब्दात तिन्ही थरांची सरमिसळ होते.

'पात्र बदललं'मुळे गोंधळ का होतो? कारण 'पात्र' हा शब्द मुळातच दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला सांगतो, "तत् प्रतिपात्रम् आधीयतां यत्नः", म्हणजे प्रत्येक पात्राकडे नीट लक्ष द्या. इथलं पात्र म्हणजे दुष्यंत, की दुष्यंत होणारा नट? दोन्ही अर्थ लागतात आणि संस्कृतात ते चालून जातं. जुन्या मराठी नाटकांच्या लेखनातही 'पात्रं रंगून तयार आहेत' अशा वाक्यात पात्र म्हणजे चक्क नटच. आज मात्र आपण पात्र म्हणजे कथेतला माणूस असंच धरतो, आणि ते सोयीचं आहे. म्हणून माझी पहिली सूचना: ज्याला कथेत नाव आहे ते पात्र, ज्याला मानधन मिळतं तो कलाकार. 'पात्राने मालिका सोडली' हे वाक्य या हिशेबाने चूक. मालिका कलाकार सोडतो, पात्राला कथेतून काढतात.

पण आपल्या बोलण्यात याहून सुबक व्यवस्था आधीपासून आहे आणि ती कोणी शिकवलेली नाही. 'नवा' हा शब्द बघा. 'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या पर्वात शेवंताची भूमिका अपूर्वा नेमळेकरकडून कृतिका तुळसकरकडे गेली. लोक काय म्हणाले? 'नवी शेवंता'. कोणाला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. पात्र तेच, बाई वेगळी. उलट 'सीआयडी'च्या वेळी लोक म्हणाले 'नवा एसीपी', आणि तेव्हाही सगळ्यांना बरोबर कळलं की माणूसच वेगळा आहे. म्हणजे 'नवा' नावाला लागला की कलाकार बदललेला असतो, हुद्द्याला लागला की पात्र बदललेलं असतं. 'नवा प्रद्युम्न आला' असं कोणी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं की प्रद्युम्नच आहे, फक्त साटम नाहीत. चर्चेतल्या पहिल्या माणसाचं वाक्य खटकलं ते याच कारणाने.

हा नियम कुठे मोडतो तेही मजेशीर आहे. 'मिडसोमर मर्डर्स' या ब्रिटिश मालिकेत जॉन नेटल्स हे टॉम बार्नबी नावाचा पोलीस अधिकारी करायचे. २०११मध्ये ते बाहेर पडले आणि नील डजन आले. कोण म्हणून? जॉन बार्नबी म्हणून, टॉमचा चुलतभाऊ. हुद्दा तोच, आडनाव तेच, पात्र वेगळं, कलाकार वेगळा. आता 'नवा बार्नबी' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटणार की टॉमचंच काम दुसऱ्याने घेतलं. इथे 'दुसरा बार्नबी' म्हणावं. 'नवा' म्हणजे त्याच जागेवर ताजा आलेला, 'दुसरा' म्हणजे मोजणीत वेगळा. हा फरक इतका बारीक आहे की बोलताना आपण तो पाळतो आणि लिहिताना विसरतो. (स्कॉटलंडच्या 'टॅगर्ट' मालिकेवाल्यांनी तर कमालच केली. टॅगर्टचं काम करणारे मार्क मॅकमॅनस १९९४मध्ये वारले, आणि मालिका त्याच नावाने २०१०पर्यंत टॅगर्टविना चालली. तिथे नवाही नाही आणि दुसराही नाही.)

मराठीचं दुसरं हत्यार म्हणजे आदरार्थी बहुवचन. वर मी लिहिलं, 'साटम परतले आणि प्रद्युम्नही परतला.' कलाकाराला अनेकवचन, पात्राला एकवचन. क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं की आपण कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला आहोत. 'एसीपी प्रद्युम्न यांचे निधन' असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण 'यांचे निधन' ही खऱ्या माणसाची भाषा आहे. 'प्रद्युम्न मेला' म्हटलं की कळतं, मालिकेतली गोष्ट आहे. कोणी म्हणेल हे उद्धट वाटतं. वाटू दे. पात्राला कसला आलाय मान!

या हत्याराची खरी परीक्षा होते ती 'दया'पाशी. दार फोडणाऱ्या इन्स्पेक्टरचं नाव दया आणि कलाकार दयानंद शेट्टी. विवेकचंही तसंच, विवेक मश्रू हा कलाकार विवेक नावाचाच अधिकारी करायचा. 'दया परत आला' या वाक्यात कोण आला? क्रियापद एकवचनी आहे म्हणून मालिकेतला, असं व्याकरण सांगतं. पण चाहते प्रेमाने कलाकारालाही एकेरीतच हाक मारतात, आपण सचिनला मारतो तशी. मग व्याकरणाचं काही चालत नाही. तिथे सरळ 'शेट्टी' लिहावं.

आता 'रिप्लेसमेंट'. हा इंग्रजी शब्द मराठी रंगभूमीवर इतका मुरलाय की त्याला परका म्हणणं अवघड आहे. नाटकवाल्यांच्या तोंडी 'त्याने अमक्याची रिप्लेसमेंट केली' असं असतं. नीट ऐका, इथे 'करणारा' कोण? नवा नट. जुन्याला कोणी हाकललं असा सूर त्यात नाही. एकाने जागा सोडली, दुसरा तालमीला उभा राहिला, प्रयोग झाला. इंग्रजी वळणाने 'साटमांना रिप्लेस केलं' म्हटलं की कर्ता निर्माता होतो आणि साटम कर्म होतात, नळाचा वायसर बदलावा तसे. वस्तुस्थिती तशीच असेल तर तसं जरूर म्हणा. पण कलाकार स्वतःहून गेला की काढला गेला हे चाहत्यांना बहुधा ठाऊक नसतं, आणि 'ला रिप्लेस केलं' हे निर्मात्यावर आरोप ठेवूनच मोकळं होतं.

रंगभूमीवर मूळ नटाची आठवण राखायची पद्धतही होती, ती म्हणजे षष्ठी. 'नटसम्राट' १९७०मध्ये आलं तेव्हा बेलवलकर श्रीराम लागू करायचे, पुढे दत्ता भटांनी केले. जुने प्रेक्षक म्हणतात, 'लागूंचे बेलवलकर' आणि 'भटांचे बेलवलकर'. नवा-जुना नाही, मूळ-बदली नाही. दोन्ही अस्सल. गुन्हेकथांच्या मालिकांना हे तंतोतंत लागू पडतं. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या शेरलॉक होम्समध्ये जेरेमी ब्रेट कायम राहिले, पण वॉटसन आधी डेव्हिड बर्क होते, १९८६पासून एडवर्ड हार्डविक. 'बर्कचा वॉटसन जरा खट्याळ, हार्डविकचा पोक्त' असं एका वाक्यात दोघांचं कौतुक होतं. दूरदर्शनवर १९९३मध्ये ब्योमकेश बक्षी पाहिलेली पिढी आजही 'रजित कपूरचा ब्योमकेश' असंच म्हणते, पुढचे कितीही ब्योमकेश आले तरी.

'बदली कलाकार' बद्दल मात्र मी हात आखडता घेईन. 'बदली'ला मराठीत तात्पुरतेपणाचा वास आहे. गिरणगावातला बदली कामगार म्हणजे कायम माणूस रजेवर गेला की त्या दिवसापुरता साच्यावर उभा राहणारा. क्रिकेटच्या बातम्यांतला बदली खेळाडू म्हणजे कोणाला दुखापत झाली म्हणून क्षेत्ररक्षणाला आलेला. दोघेही मूळ माणूस आला की बाजूला होतात. नाटकात ऐनवेळी कोणी आजारी पडलं आणि एका प्रयोगापुरता दुसरा उभा केला, तर तो बदली कलाकार. कृतिका तुळसकरला बदली शेवंता म्हणणं अन्यायाचं होईल.

आणि पोलिसी मालिकेत 'बदली'ला आणखी एक अडचण आहे. तिथे बदली हा सरकारी हुकूम असतो! कलाकार गेला की लेखकाचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे त्या अधिकाऱ्याची बदली दाखवणं. मग 'इन्स्पेक्टरची बदली झाली' म्हणजे पात्र दुसऱ्या ठाण्यात गेलं, की त्या भूमिकेत दुसरा नट आला? दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही एकाच आठवड्यात खरे असू शकतात.

त्यापेक्षा 'च्या जागी' वापरा. 'साटमांच्या जागी पार्थ समथान आला.' साधं, स्वच्छ, कोणावर आरोप नाही. पात्रांबद्दलही तेच: 'प्रद्युम्नच्या जागी आयुष्मान आला.' दोन्ही वाक्यं खरी, आणि कुठल्या थराबद्दल बोलतोय ते नावांवरून कळतं. पथ्य एकच, दोन थर मिसळू नका. 'प्रद्युम्नच्या जागी पार्थ' हे म्हणजे एका ताटात अर्धं कथेतलं आणि अर्धं बाहेरचं.

'ऐवजी' मात्र तेवढं निरुपद्रवी नाही. 'साटमांऐवजी पार्थला घेतलं' म्हटलं की दोघे एकाच वेळी समोर होते आणि एकाची निवड झाली असं वाटतं. 'जागी'मध्ये आधीचा माणूस तिथे होता हे गृहीत आहे, 'ऐवजी'मध्ये तो कदाचित कधी आलाच नसेल. शब्द अरबी-फारसीतून आलेला, मूळ अर्थ मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. त्यावरूनच 'ऐवज' म्हणजे पैसाअडका, दागदागिने. गुन्ह्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला तो रोज भेटतो, कारण घरफोडीत चोर नेहमी 'ऐवज लंपास' करतात, साध्या वस्तू कधीच नेत नाहीत. नागपूर महापालिकेतल्या 'ऐवजदार' सफाई कामगारांच्या नावात माणसाच्या बदल्यात माणूस हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. कलाकाराला ऐवजदार म्हणायला माझी हरकत नाही, त्याची असू शकेल.

उलटा प्रकारही असतो, कलाकार तोच आणि पात्र वेगळं. आदित्य श्रीवास्तव इन्स्पेक्टर अभिजीत होण्याआधी 'सीआयडी'च्याच एका गोष्टीत गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते. 'क्राइम पेट्रोल'मध्ये तर हा शिरस्ताच: या आठवड्यात तपास अधिकारी असलेला चेहरा काही दिवसांनी खुनी. तिथे चाहते 'चेहरा' हाच शब्द वापरतात आणि तो अगदी योग्य आहे, कारण पात्राचं नाव कोणाच्याच लक्षात नसतं. अनुप सोनी अनेक वर्षं तिथे होते ते कलाकार म्हणून नव्हे, निवेदक म्हणून. निवेदक बदलला तर 'भूमिका बदलली' म्हणू नये. मराठीत भूमिका बदलणं म्हणजे मत फिरवणं. 'पोलिसांची भूमिका संशयास्पद' हे वाक्य मालिकेच्या परीक्षणात आलं तर अभिनयावर टीका आहे की तपासावर, हे संदर्भ बघूनच ठरवावं लागतं.

राहिलं 'भूमिका निभावली'. हे हिंदीच्या 'निभाना'वरून आलंय. मराठीत निभावणं म्हणजे कसंबसं पार पडणं: 'पगार तोकडा, पण निभावतंय.' त्यामुळे 'साटमांनी वीस वर्षं प्रद्युम्नची भूमिका निभावली' हे मराठी कानाला कौतुक वाटत नाही, सहनशीलतेचं प्रमाणपत्र वाटतं. केली, रंगवली, वठवली, साकारली यांतलं काहीही घ्या. रोजच्या बोलण्यात मी 'केली'वर भागवतो. 'वठवली' आवडत असेल तर वापरा, फक्त 'भूमिका वठली' आणि 'झाड वठलं' यांत अर्थ नेमका उलटा आहे एवढं ध्यानात असू द्या.