नागपूरहून जर्मनीत येताय? आधी घरी राहणाऱ्या माणसाचं बघा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली, ऑगस्टमध्ये निघायचंय, मुलगी सात वर्षांची, तू तुझी शाळेतली नोकरी सोडून निघून राहिली, आणि विचारतेस की सामान काय काय आणू न मुलगी रमेल का. मी मोठी आहे तुझ्याहून म्हणून तुला अगं-तुगं करते, चालेल न. आम्ही 2016 ला नागपूरच्या मानेवाड्याहून आलो, तेव्हा मुलगा सहाचा न मुलगी दीड वर्षाची होती.

तू सगळ्यांचं विचारलंस, स्वतःचं एक अक्षर नाही. मीही तेच केलं होतं म्हणून तिथूनच सुरू करते. नवऱ्याला ऑफिस मिळते, पोरांना शाळा मिळते, दोघांनाही दिवसभर माणसं भेटतात. घरी राहते तिला सकाळी साडेसातला दार लागलं की संध्याकाळपर्यंत बोलायला कोणी नसते. आपल्याकडे भाजीवाला आहे, शेजारच्या काकू आहेत, कामवाल्या बाईशी पंधरा मिनिटं गप्पा होतात, हे सगळं किती मोठं होतं ते इथे आल्यावर समजते. पहिल्या वर्षी मी पोरं झोपली की रडायची आणि नवऱ्याला सांगायची नाही, कारण तो बिचारा आधीच नवीन ऑफिसात दमून येई. ते चुकलं माझं. तू सांग, पहिल्याच महिन्यात सांग.

नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, येत असेल तर बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे नोकरीची मुभा पण मिळते. त्यामुळे बऱ्याच जणी म्हणतात, भाषा शिकू नंतर. मी दीड वर्ष ढकललं आणि आजही त्याचा पस्तावा होतो. फोल्क्सहोखशूलं म्हणून मोठ्यांसाठीच्या शाळा गावोगावी असतात, तिथे इंटिग्रेशन कोर्स चालतो, साधारण 600 तास भाषा न 100 तास इथला कायदा, इतिहास वगैरे. माझ्या वर्गात सिरियाची एक बाई होती, तुर्कस्तानची एक होती, तिघींनाही धड बोलता येत नव्हतं तरी मधल्या सुट्टीत डबे उघडून बसायचो. माझ्या इथल्या पहिल्या मैत्रिणी त्याच. जागा पटकन भरतात, म्हणून आल्या आल्या नाव टाक, घर लावणं नंतर होते.

आता मुलीचं. तिला बहुतेक आधी भाषेच्या तयारीच्या वर्गात घालतील, ते चांगलंच असते, कमी लेखलं असं मनात आणू नको. माझा मुलगा सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शाळेत एक शब्द बोलला नाही. मी घाबरून घरी त्याच्याशी मोडकंतोडकं जर्मन बोलायला लागले, तर बाईंनीच बोलावून सांगितलं की घरी तुमचीच भाषा बोला, ती पक्की असली की दुसरी येते. मग एका शनिवारी बेकरीत मी बोट दाखवून दोन पाव मागितले, तर हा खालून एकदम म्हणाला, नोख आइन्स, बिटं, म्हणजे अजून एक द्या. काउंटरवरच्या बाईने तिसरा पाव त्याच्याच हातात दिला. आता तो मोठा झाला, तरी आजीशी फोनवर अस्सल नागपुरी मराठी बोलते पोरगं.

घराचं एक नीट लक्षात ठेव, कारण आम्हाला फार महागात पडलं. आपण उन्हाळ्यात खिडक्या बंद करून कूलर लावणारी माणसं. इथे पहिल्या हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून मी खिडक्या गच्च बंद ठेवल्या, आत रोज कुकरच्या शिट्ट्या, कपडे बेडरूममध्ये स्टँडवर वाळत. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागची भिंत हाताला ओली लागली न काळ्या बुरशीचे ठिपके पार कमरेपर्यंत चढलेले, आणि मुलीचा खोकला का जात नव्हता ते तेव्हा कळलं. घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांत बंद करायच्या, बाहेर बर्फ असला तरी. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नको.

डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडते. आपल्या नागपूरच्या उन्हाला कितीही नावं ठेवली तरी त्याची आठवण येते बरं. अंधार व्हायच्या आत रोज अर्धा तास बाहेर पड, पोरीलाही ने. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणायची.

सामान फार आणू नको. मिक्सर चालते, व्होल्टेज तेच आहे, फक्त अॅडाप्टर लागेल. कुकर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा घे. भाड्याच्या घरात बरेचदा किचनच नसते, ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण लावायचं, म्हणून घर बघताना ते आधी विचार. तूप, पेढे, आपली संत्रा बर्फी आणू नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आईने दिलेला डबा एअरपोर्टवर टाकावा लागला तर फार जीवावर येते. काळा मसाला, तिखट, वाळवणं आण. सांबार, म्हणजे कोथिंबीर, न भेंडी तुर्की दुकानात मिळते, सांबाराची जुडी चांगली मोठी असते, मी दिवाळीत पुडाच्या वड्या त्याच्याच करते.

घरात राहायला गेलं की 14 दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची, घरमालकाची सही केलेला कागद लागते, त्यावरच पुढची सगळी कामं अडकतात.

आणि सासूबाईंची काळजी लिहिलीस न, त्यांच्यासाठी फोनची एक वेळ ठरव. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असते, उन्हाळ्यात साडेतीन. आम्ही इथल्या चारला करतो, तिकडे जेवणाआधीची वेळ असते. मुलीला रोज पाच मिनिटं तरी एकटीला बोलू दे त्यांच्याशी.

कोणत्या गावात घर बघून राहिले ते लिही. तिथली फोल्क्सहोखशूलं शोधून सप्टेंबरच्या वर्गाची माहिती मी इथेच टाकते, तुझ्या नावाने.