विंडोज ११ घेतंच नाही, काय करू? आणि इतर प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार. आमचा डेस्कटॉप २०१८ ला असेंबल करून घेतलेला, आठव्या जनरेशनचा आय फाईव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी पण नंतर टाकून घेतली. तरी अपडेटमधे गेलं की हा पीसी विंडोज ११ ला चालत नाही असंच येतं. दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड बदला नाहीतर सरळ नवीन घ्या, जुना आम्ही घेतो. मुलगी बारावीला आहे, आत्ता हा खर्च नको वाटतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मदरबोर्ड राहू द्या हो तिथेच. विंडोज ११ साठी इंटेलची यादी साधारण आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते, म्हणजे तुम्ही काठावर का होईना बसताय. अडलंय बहुतेक टीपीएमवर. कुलूपकिल्ल्या सांभाळणारी ही सोय असते, विंडोज ११ ला ती २.० लागते, आणि तुमच्या मशीनमधे ती असणारच, फक्त असेंबल केलेल्या पीसीत बरेचदा बायोसमधे (विंडोजच्याही आधी चालू होणारी मशीनची सेटिंग) बंद ठेवलेली असते आणि कोणी बघतच नाही. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाका, टीपीएम सापडत नाही म्हणाला तर रीस्टार्ट करताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमधे जा. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं (एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधावं), ते चालू करून सेव्ह करा. नवीन पीसी विकण्यापेक्षा हे काम पाच मिनिटांचं आहे म्हणूनच कदाचित दुकानात कोणी सांगत नाही.

आता खरी मेख पुढे आहे. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाका आणि बायोस मोड काय दिसतो बघा. विंडोज ११ ला यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, लागते; ती असेल तर निवांत. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर तुमची डिस्कही जुन्या एमबीआर मांडणीची आहे, आणि अशा वेळी यूट्यूबवर बघून थेट लेगसी बंद केलं की विंडोज चालूच होत नाही आणि घरात रडारड सुरू होते. डेटा गेलेला नसतो, परत लेगसी केलं की सगळं जागेवर. नीट करायचं तर आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत आणावी लागते, त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचं टूल विंडोज १० मधेच आहे, फॉरमॅट न करता काम होतं. पण त्याआधी मुलीच्या नोट्स आणि घरचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याच, यात आळस नको.

आणि हे सगळं आत्ताच करायला पाहिजे असं कोण म्हणालं? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीनवर २२एच२ व्हर्जन हवं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक चालू ठेवलं तर पैसेही पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच एनरोलची लिंक असते. बारावी होऊ द्या, मग सुट्टीत बसा.

प्रश्न : मी घरूनच डीटीपी करते, लग्नपत्रिका, अहवाल वगैरे. विंडोज १० आहे पण ३२ बिट, मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (पेन ड्राइव्हसारखी लावायची सॉफ्टवेअरची किल्ली) चालतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो ११ टाकायचं तर फॉरमॅटच मारावं लागेल. खरंय का, की उगाच बिल वाढवतोय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, यावेळी तो खरं बोलतोय. विंडोज ११ फक्त ६४ बिटमधे येतं आणि ३२ बिटवरून वरच्यावर अपग्रेड होतच नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. त्यात डोंगल आणि प्रिंटर दोघांचेही ड्रायव्हर ६४ बिटचे लागतात. ते मिळतात का हे फॉरमॅट मारायच्या आधी विचारा, नंतर नाही, नाहीतर पत्रिकांच्या सीझनमधे डोक्याला हात लावून बसाल. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, त्यामुळे जुन्या कामाच्या पीडीएफ आजच काढून ठेवा.

माझं मत विचाराल तर हे मशीन आहे तसंच राहू द्या, त्याचं इंटरनेट काढा, आणि मेल, बँक, गिऱ्हाइकाच्या फाइली यासाठी वेगळा साधा पीसी बघा. दोघांमधे पेन ड्राइव्ह फिरेल तो दरवेळी स्कॅन करायचा. नवीन कामं मात्र हळूहळू युनिकोडमधे सुरू करा, कधीतरी ते करावंच लागणार आहे.

प्रश्न : पुतण्याने बायोसमधे काहीतरी केलं, तेव्हापासून लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून ४८ आकडी की मागतोय. मी असा काही पासवर्ड ठेवलेलाच नाही!
– एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही नाही ठेवला काका, लॅपटॉपने स्वतःच ठेवला. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपाने लॉक होते आणि त्याची की, म्हणजे किल्ली, ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन इन केलं त्यात जाऊन बसते. लॅपटॉप नवीन असताना कोणी चालू करून दिला होता, मुलाने, जावयाने की दुकानातल्या पोराने? त्यांचा ईमेल असेल तर की त्यांच्याकडे. फोनवरून त्या अकाउंटमधे लॉग इन करायचं, डिव्हाइसच्या यादीत बिटलॉकर की सापडतात, दोनचार असतील तर निळ्या स्क्रीनवरचा की आयडी जुळवून घ्यायचा. कोणी क्रॅक करून देतो म्हणालं तर एक रुपया देऊ नका, की नसेल तर आतला डेटा निघत नाही.

(सातारकर, तुम्ही पण बायोसला हात लावायच्या आधी सेटिंग्जमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते बघून घ्या.)

पण काका, या सगळ्याच्या आधी पुतण्याला बोलवा आणि जे बदललं ते होतं तसं करायला सांगा. बरेचदा तेवढ्याने की न मागताच लॅपटॉप चालू होतो.