पहिला साउंडवेव्ह घेताय? मग हे वाचा

ऐरोलीच्या मित्रा, पहिला साउंडवेव्ह, म्हणजे मुळात टेपरेकॉर्डर होणारा तो खेळण्यातला रोबो, कुठला घ्यावा असं तू विचारलंस. थेट १९८४ चा साउंडवेव्ह शोधायला निघू नकोस. तो मूळचा जपानच्या टाकारा कंपनीच्या मायक्रोमॅन मालिकेतला. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने त्याला ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या मालिकेत आणलं. बटण दाबलं की छातीचं झाकण उघडतं आणि आतून कॅसेट निघते. शस्त्रं सेलसारखी दिसतात, टेपरेकॉर्डर झाला की पाठीच्या कप्प्यात बसतात. इतकं सुंदर डिझाइन मी दुसऱ्या खेळण्यात पाहिलेलं नाही. पण म्हणूनच जुना नग घेताना हे सुटे भाग हरवलेले असतात आणि विकणारा ते सांगत नाही. झाकण उघडलेला, पाठीचा कप्पा दिसणारा, असे दोन्ही फोटो आधी मागव.

सुरुवात व्हॉयेजर आकाराच्या (हॅस्ब्रोचा मध्यम आकाराचा वर्ग) नव्या आवृत्तीने कर. घेताना रूप नीट बघ, कारण २०१९ च्या सीज मालिकेतला साउंडवेव्ह टेपरेकॉर्डर होतच नाही. तुला कॅसेटचं वेड असेल तर तो घेऊन हिरमोड होईल.

रूपांतर करताना सांधा अडला तर जोर लावायचा नाही. एक पायरी मागे जा, बहुतेक वेळा एखादा भाग पूर्ण फिरलेला नसतो.

आणि आपल्याकडचा पावसाळा! खाडीकाठच्या दमट हवेत स्प्रिंग आणि स्क्रू गंजतात, जुने स्टिकर सुटतात. जून ते सप्टेंबर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. खिडकीतल्या उन्हात मांडू नकोस, पांढरं-करडं प्लास्टिक पिवळं पडतं.

ठाण्यात प्रत्यक्ष भेटून व्यवहार होत असेल तर कुरिअरपेक्षा तोच बरा. सांधे हातात घेऊन हलवून बघता येतात.