इतकी स्पर्धा आहे, मग कार्डाची फी उतरत का नाही?

प्रश्न: नमस्कार सर, मी बहुतेक खर्च क्रेडिट कार्डाने करते कारण पॉइंट्स मिळतात. परवा दुकानदार म्हणाला कार्ड असेल तर २ टक्के वर द्या, रोख असेल तर काही नाही. मला रागच आला. एवढ्या बँका, एवढी कार्डं, स्पर्धा वाढली की भाव उतरतात असं म्हणतात, मग ही फी का उतरत नाही? आणि रोख दिलेलं परवडतं का कार्ड?

उत्तर: ताई, राग येणारच, पण तो दुकानदारावर काढू नका, कारण ही फी ठरवताना त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

समजा बिल १०० झालं आणि फी २ टक्के आहे. तुमच्याकडून १०० जातात, दुकानदाराच्या खात्यात ९८ पडतात. मधल्या २ मधला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडं व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि उरलेलं दुकानदाराला मशीन देणाऱ्या बँकेला. तुमचे पॉइंट्स बरेचसे त्या इंटरचेंजमधूनच येतात, बँक पदरचं देत नाही.

आता स्पर्धेचं. ती आहे आणि जोरात आहे, पण दुकानदाराला खूश करायची नाहीये. बँक कुठल्या नेटवर्कचं कार्ड काढणार, तर जिथे इंटरचेंज जास्त सुटतं त्याचं, म्हणजे इथे धंदा मिळवायला भाव उतरवायचा नाही, चढवायचा! आणि कुठलं कार्ड वापरायचं ते तुम्ही ठरवता, फी भरतो तिसराच. तो कार्ड नको म्हणाला तर गिऱ्हाईक जातं, म्हणून तो फी सगळ्या मालाच्या किमतीत थोडी थोडी मिसळून टाकतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की ज्याला बँक कार्डच देत नाही असा माणूसही रोख मोजून त्याच वाढीव किमतीला माल घेतो, आणि त्याला पॉइंट एकही नाही.

म्हणून २ टक्के वेगळे मागितलेले मला त्यातल्या त्यात बरे वाटतात, निदान दिसतात तरी. कार्ड कंपन्यांना ते दिसायला नको असतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात त्यांचा आग्रह होता की फरक ठेवायचाच तर त्याला रोखीची सूट म्हणा, कार्डाचा अधिभार म्हणू नका. हिशोब एकच, पण सूट हुकली तर तेवढं लागत नाही जेवढं खिशातून जास्त गेलं की लागतं. अमेरिकन एक्सप्रेसच्या करारात तर दुकानदाराने गिऱ्हाईकाला कमी फीचं दुसरं कार्ड सुचवायलाही मनाई होती, आणि २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती मनाई चालू दिली. मला तो निकाल आजही पटत नाही.

फी उतरली ती जिथे नियम आले तिथे. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये इंटरचेंजला डेबिटवर ०.२ आणि क्रेडिटवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये क्रेडिट कार्डाचं इंटरचेंज बरंच खाली आणलं आणि दुकानदाराला अधिभार लावायची मोकळीक दिली, मग कार्डांचे पॉइंट्स आटले, वार्षिक फी वाढल्या, आणि काही धंदेवाले खर्चापेक्षा जास्त अधिभार उकळायला लागले तेव्हा २०१६ मध्ये त्यालाही चाप लावावा लागला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पॉइंट्सची खरी किंमत काढा. १०० च्या खरेदीवर १ चा फायदा आणि वर २ देताय, तर रोखच बरी. अधिभार नसेल तर कार्ड वापरा, पण बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तरच, कारण थकबाकीवरचं व्याज सगळे पॉइंट्स खाऊन वर उरतं. आणि दुकानदाराला एवढं जरूर विचारा की डेबिट कार्डावर किती लावता, कारण डेबिटवर त्याला सहसा कमी फी लागते, तिथेही तो २ च मागत असेल तर घासाघीस करायला हरकत नाही.