आईची केमो सुरू होतेय, घरात काय तयारी ठेवावी?

पुढच्या आठवड्यात पहिली केमो आहे म्हणताय, तर सगळ्यात आधी एक चांगला थर्मामीटर घेऊन ठेवा. केमोच्या बहुतेक औषधांमध्ये डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप 38 अंश सेल्सिअसला (100.4 फॅरनहाइट) पोहोचला, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. सकाळची वाट बघू नका. न विचारता तापाची गोळीही देऊ नका, त्याने संसर्ग झाकला जातो.

मळमळीच्या गोळ्या मात्र त्रास व्हायच्या आधीच, लिहून दिलेल्या वेळी द्या. केमोमुळे येणारा थकवा झोपूनही जात नाही, त्याला आळस समजू नका. घरातल्या घरात थोडं फिरल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं.