मासळीचा बेत, बेताच्या खर्चात

प्रश्न : पुढच्या महिन्यात एका रविवारी रात्री माझ्या यजमानांचे कॉलेजमधले मित्र सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येणार आहेत. आम्ही धरून आठ माणसे होतील. सर्वांनी हौसेने मासे मागितले आहेत. माझे माहेर निफाडकडचे आणि माळकरी, त्यामुळे मासे मी लग्नानंतर शिकले आणि अजून हात तितका बसलेला नाही. पापलेट आणि सुरमईचा भाव ऐकल्यावर सरळ चिकन करून मोकळे व्हावे असे वाटू लागले आहे. सोपे, परवडणारे आणि पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगे काही सुचवाल का?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, चिकनकडे वळू नका. पाहुणचार म्हटला की पापलेट हवेच, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे आणि तिच्यापायी पुष्कळ घरांतला मासळीचा बेत बाजाराच्या दारातूनच परत फिरतो. पैसे माशाच्या नावाला न मोजता त्याच्या ताजेपणाला मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पापलेटाच्या पैशांत दुप्पट-तिप्पट बांगडा येतो, आणि ताजा बांगडा शिळ्या पापलेटाहून केव्हाही सरस लागतो.

नाशिकला समुद्र नसला तरी मासळीचे दोन मार्ग आपल्याला खुले आहेत. धरणे आणि शेततळ्यांतले रोहू, कटला, मृगळ आणि चिलापी हे गोड्या पाण्यातले मासे जवळून येतात, आणि समुद्राची मासळी सुमारे १७० किलोमीटरवरच्या मुंबईकडून बर्फात घातलेली येते. म्हणून आपल्या बेतात दोन्हींना जागा द्यावी : रश्श्याला कटला, तळायला बांगडा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांत असा बेत ठरलाच तर समुद्राच्या मासळीचा आग्रह सोडून सगळे जेवण गोड्या पाण्यातल्या माशांवर करावे.

आठ माणसांना दोन किलोचा एक कटला पुरतो. खवले, पर आणि आतडी काढल्यावर डोक्यासह सव्वा ते दीड किलो माल हाती राहतो. बांगडे किलो-सव्वा किलो घ्यावेत. मध्यम आकाराचे असतील तर किलोत सहा ते आठ बसतात, म्हणजे माणशी साधारण एक येतो. घेताना कल्ले उचलून पाहावेत, ते लालभडक असावेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा. अंगावर बोट दाबले तर पडलेला खळगा लगेच भरून यावा. बांगड्याच्या बाबतीत ही पारख अधिकच कडक ठेवावी. बांगडा आणि तारली हे मासे बर्फाबाहेर राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचा घटक तयार होतो, तो कितीही शिजवला तरी जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठते किंवा डोके दुखू लागते. बाजारात जाताना झाकणाचा डबा आणि थोडा बर्फ बरोबर न्यावा आणि घरी आल्याबरोबर मासे फ्रीजमध्ये ठेवावेत.

कटला कापून घेताना पित्ताची पिशवी न फोडता काढायला सांगावे, कारण ती फुटली तर कडूपणा साऱ्या माशाला लागतो. डोके टाकू नये, रश्श्याची खरी चव त्यातच असते. पोटाकडच्या तुकड्यांत मोठे, सहज दिसणारे काटे असतात, तर पाठीच्या आणि शेपटीकडच्या तुकड्यांत बारीक दुफाट्याचे काटे फार. म्हणून मुलांना आणि काट्यांची सवय नसलेल्यांना पोटाचे तुकडे वाढावेत. गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो, तो आंबटाने कमी होतो; धुतलेल्या तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबाचा रस चोळून वीस मिनिटे ठेवावे आणि मग पुन्हा एकदा हलक्या हाताने धुवावे.

रस्सा आपल्या भागातलाच, काळ्या मसाल्याचा करावा. नारळाच्या आमटीची तुलना कोकणातल्या घरांशी होते, काळ्या रश्श्यात मात्र तुमचा हात आधीच बसलेला असणार. चार कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे खरपूस भाजावे आणि पंधरा-वीस लसूण पाकळ्या, इंचभर आले व मूठभर कोथिंबीर यांच्याबरोबर अगदी बारीक वाटावे. तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मग हळद, तिखट आणि काळा मसाला घालावा. येथे एक सांगणे आहे : मटणाला घालता त्याच्या निम्माच काळा मसाला घाला, नाहीतर माशाची चव मसाल्याखाली दबून जाते. गरम पाणी घालून रस्सा दहा मिनिटे चांगला उकळू द्यावा आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घालावा. हे सगळे सकाळीच करून ठेवता येते, किंबहुना दिवसभर मुरलेला रस्सा अधिक छान लागतो. पाहुणे आल्यावर तो पुन्हा खळखळून उकळावा, आधी डोके आणि पाच मिनिटांनी बाकीचे तुकडे एकेक करून सोडावेत आणि आच मंद करावी. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. या वेळात रश्श्यात पळी घालू नये. पातेले दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच फिरवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. गॅस बंद केल्यावर पातेले पंधरा मिनिटे झाकून ठेवावे.

बांगड्याच्या पोटाच्या आत काळी पातळ त्वचा असते, ती बोटाने घासून काढावी, कारण कडवटपणा तिच्यातच असतो. प्रत्येक बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन आले-लसूण, तिखट, हळद, मीठ आणि कोकमाचा आगळ लावून तासभर मुरवावा. तळण्यापूर्वी निथळणारे पाणी टिपून घ्यावे आणि बारीक रवा व तांदळाचे पीठ सारख्या प्रमाणात मिसळून त्यात घोळवावा. मासा तव्याला चिकटतो अशी तक्रार नेहमी येते. त्याचे कारण बहुधा ओला मासा, कमी तापलेला तवा आणि उतावीळ उलथणे हेच असते. तवा चांगला तापवून तेल सोडावे, मासा ठेवल्यावर चार मिनिटे त्याला हातही लावू नये. कडा सोनेरी झाल्या की मासा आपोआप सुटतो, तेव्हा एकदाच उलटावा. हे तळण मात्र पाने मांडल्यावरच करावे. गार झालेला रव्याचा बांगडा मऊ पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बरोबर इगतपुरीकडचा इंद्रायणी भात, बाजरीच्या किंवा तांदळाच्या भाकरी, कांदा-लिंबू आणि सोलकढी एवढे पुरे. तिसरा मासळीचा पदार्थ करू नका; एकट्या बाईने स्वयंपाकघरात अडकून राहावे आणि पाहुण्यांनी बाहेर गप्पा माराव्यात, यात पाहुणचाराची शोभा नाही. भाकरी थापायला यजमानांची किंवा मैत्रिणीची मदत हक्काने मागा.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळींत दोघे शाकाहारी आहेत आणि शेजारीही. मासे केले की घरभर वास राहतो, याचा संकोच वाटतो. काय करावे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : शाकाहारी मित्रांचे काप आधी तळावेत, वेगळ्या तव्यावर आणि ताज्या तेलात. वांग्याचे किंवा सुरणाचे काप त्याच आगळ-तिखटाच्या मसाल्यात मुरवून रव्यात घोळवले की त्यांच्या पानातही तळणीचा तोच थाट येतो. रश्श्याचे वाटण सकाळी दोन भागांत विभागून एका भागात अख्खा मसूर किंवा वांगी शिजवावीत. वाढण्याचे चमचे वेगळे ठेवावेत आणि तसे आहेत हे त्यांना सांगावेही, म्हणजे त्यांना निश्चिंतपणे जेवता येते.

वासाचे मूळ बहुतेक वेळा तळणात नसून मागे राहिलेल्या कचऱ्यात आणि भांड्यांत असते. खवले, काटे आणि आतडी पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि सकाळी घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात द्यावीत. भांडी आधी गार पाण्याने विसळून मग लिंबाची साल किंवा व्हिनेगर लावून घासावीत. माशाचा वास ज्या घटकांमुळे येतो, त्यांना आंबट पदार्थ मारक ठरतो. हातांनाही हेच करावे.

प्रश्न : अचानक चार मित्र येऊन थडकले तर स्वस्तात झटपट काय करता येईल?
— एक विद्यार्थी वाचक, गंगापूर रोड

उत्तर : बाजार उघडा असेल तर मांदेली आणावी. ती स्वस्त असते. डोके काढून आणि पोट साफ करून मीठ-तिखट-हळद लावली आणि तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळली की काट्यासकट खाता येते. बाजार बंद असेल तर घरात सुकट असावीच. वाटीभर सुकट कोरडी भाजून चाळून घ्यावी, म्हणजे वाळू निघून जाते, आणि मग दोन पाण्यांतून धुवावी. भरपूर कांदा तेलात लाल होईपर्यंत परतून लसूण, तिखट आणि एक टोमॅटो घालावा, सुकट टाकून पाच मिनिटे वाफ द्यावी. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण सुकटीत ते आधीच असते.