लक्क्याची, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीच्या कबुतरांची, पहिली जोडी घेताय?

घाई नको. एकाच दिवशी लक्का, जेकोबिन, शिराजी अशा जातींच्या पाच जोड्या उचलणारे बरेच पाहिलेत. पावसाळा संपेपर्यंत निम्मी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, रिकामी. एकच जोडी घ्या, लक्क्याची. शांत असते, गच्चीत रमते.

सगळ्यात जपायचं ते ओलीपासून. पुण्यात जुलैची झड लागली की विष्ठा सुकत नाही आणि दुखणी तिथूनच सुरू होतात. ढाबळीचं तोंड पूर्वेला, तळाला जाळी, वारा खेळता. साफ करताना मास्क हवाच, ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

खायला ज्वारी, बाजरी, मका, वाटाणा. नुसता तांदूळ नको. शेजारी वाटीत शिंपल्यांचा चुरा घातलेलं ग्रिट, म्हणजे बारीक खडे. पहिल्या वर्षी मी ते ठेवलंच नव्हतं. अंड्यांची कवचं इतकी पातळ, की बोट लागताच फुटली.

नंतर आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवा.

मादी दोन अंडी घालते, साधारण 18 दिवसांत पिल्लं. दुपारी नर बसतो, बाकी वेळ आणि रात्री मादी. रोज उचलून बघू नका हो! पिल्लांना तुम्ही काही भरवायचं नाही. आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीतलं दूध पाजतात.

रंगांच्या जोड्या जुळवणं पुढच्या वर्षी बघू.